फिशटँकमधला सलोखा

आमच्या दाखले-वाटप कार्यालयात दाखला मिळायला उशीर होतो, ही बाब कोणालाच गंभीर वाटत नव्हती. उशीर झाला की लोक ओरडतात, ही मात्र फार गंभीर होती. मोठ्या साहेबांच्या दातांच्या डॉक्टरकडे फिशटँक होता आणि तिथे लोक दाढ काढून घ्यायलासुद्धा निमूट बसत. सबब, आमच्या प्रतीक्षा कक्षात फिशटँक बसवण्यात यावा असं ठरलं आणि तो माझ्या गळ्यात पडला.

माझी अडचण साहेबांना ठाऊक होती. लग्न झाल्यापासून बायको दुसऱ्या गावच्या कचेरीत, मी इथे, आणि माझा बदलीचा अर्ज साहेबांच्या कपाटात पिकत पडलेला. वरून तपासणी येईल त्या दिवशी टँकमध्ये सलोखा दिसला, तर बदली झालीच म्हणून समजा, असं साहेब म्हणाले. मी लगेच बायकोला फोन करून नवे पडदे शिवायला सांगितले.

दुकानदार भला माणूस होता. गिऱ्हाईक म्हणेल ते त्याला मनापासून पटायचं. एवढ्याशा पाण्यात छोट्या निऑन टेट्रांचा एकच थवा ठेवा, सुखात राहतील, असं तो आधी म्हणाला होता. तेच मी बैठकीत सांगितलं. एकाच प्रकारच्या माशाला सगळी टाकी देण्यामागचा हेतू काय, असं लेखा विभागाने विचारलं. मग टेट्रांच्या जोडीला प्रत्येक विभागाचा मासा घ्यायचं ठरलं. लेखा विभागाला पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब हवे होते, आस्थापनेच्या बाईंना लांब परांचे एंजल. आवक-जावकने तळाशी बसून शेवाळ खाणारा मासा मागितला, कारण त्यांच्याही वाट्याला नेहमी तेच येतं. टाकी लहान आहे, असं मी चाचरत म्हटलं.

"आपल्या ऑफिसात तरी कुठे जागा आहे?" साहेब म्हणाले. "बसतातच ना सगळे."

दोन दिवसांत बार्बांनी एंजलचे पर कुरतडले आणि आस्थापनेच्या बाई लेखा विभागाशी बोलेनाशा झाल्या. मी दुकान गाठलं. बार्ब थोडे असले की दुसऱ्यांच्या खोड्या काढतात, भरपूर असले की आपसातच भांडतात, असं दुकानदार म्हणाला. हे शास्त्र साहेबांना इतकं पटलं की त्यांनी बार्बही वाढवले आणि लेखा विभागातली माणसंही. टाकीत आता पाण्यापेक्षा मासे जास्त दिसू लागले. लोक दाखल्यावरून ओरडायचे थांबले आणि माशांवरून ओरडू लागले. एक निवृत्त मास्तर तर रोज एंजलची बाजू घ्यायला येऊन बसत. त्यांचा दाखला त्यांना केव्हाच मिळाला होता.

शिस्त लावायला एखादा वरिष्ठ मासा हवा, असं साहेबांचं मत पडलं. दुकानदाराने ऑस्कर काढून दिला. काळसर, जाड ओठांचा, चेहऱ्यावर दीर्घ सेवेचा भाव. दुकानात तो एका टाकीत एकटाच होता. असं का, म्हणून मी विचारलं.

"त्याला सोबतच टिकत नाही हो," दुकानदार कळवळून म्हणाला.

आमच्याकडेही टिकली नाही. आधी टेट्रा रजेवर गेले, म्हणजे तसं म्हणायची मला सूचना होती. मग बार्ब गेले, मग उरलेसुरले एंजल. तळातला मासा सर्वांत शेवटी गेला, कारण त्याची दखल घ्यायलाही उशीरच होतो. तपासणी उद्यावर आलेली. मी हातपाय गाळून बायकोला फोन केला आणि पडदे राहू दे म्हणालो.

"पण भांडणं थांबली ना?" तिने विचारलं.

"थांबली."

"थांबणारच. भांडायला दुसरा लागतो."

तपासणी अधिकारी टाकीपुढे बराच वेळ उभे राहिले. पाणी नितळ. आत एकच भरदार मासा, संथ. प्रतीक्षा कक्षही चिडीचूप होता, कारण ऑस्कर काचेतून एकेकाला न्याहाळत होता. इतका सलोखा साधलात कसा, असं अधिकाऱ्यांनी विचारलं, तसे साहेब माझ्याकडे बघू लागले. माझ्या तोंडातून बायकोचंच वाक्य निसटलं.

"साहेब, भांडायला दुसरा लागतो."

मोठ्या साहेबांचा चेहरा पडला. बदली बुडाली, हे मी ओळखलं. अधिकारी मात्र हरखून गेले. त्यांनी ते वाक्य पुटपुटून पाहिलं आणि जाण्यापूर्वीच आदेश काढला की हा यशस्वी प्रयोग कर्मचाऱ्यांनाही लागू करण्यात यावा. एका कार्यालयात एकच. लेखा विभाग गेला, आस्थापनेच्या बाई गेल्या, आवक-जावक सर्वांत शेवटी गेलं. साहेब उरले. मला कुठेतरी टाकायचं होतं आणि रिकामी जागा नेमकी बायकोच्याच कचेरीत निघाली. मी जिन्यातच नाचलो. तो आदेश तिच्या कचेरीत अजून पोचलेला नाही. पाठवायला आवक-जावक उरलं नसल्यामुळे तो पोचणारही नाही. आमच्या जुन्या प्रतीक्षा कक्षात आता अजिबात आरडाओरडा होत नाही, असं ऐकतो. दाखलेही होत नाहीत.

आम्ही दोघं आता एकत्र राहतो आणि रोज भांडतो. पडद्यांच्या रंगावरून, खिडकी उघडी की बंद यावरून, आमच्या छोट्या टाकीत टेट्रा आणखी घ्यायचे की पुरे, यावरून. टेट्रा मजेत आहेत, मीही. शेजारचे गृहस्थ तेवढे आमच्या आवाजाला वैतागतात. त्यांच्या घरात म्हणे कित्येक वर्षांत कोणी ब्र काढलेला नाही. हे सांगताना त्यांचे ओठ मला जरा जाड वाटतात.

तुमच्याही घरात अशीच शांतता असेल, तर अभिनंदन. फक्त पूर्वी तिथे आणखी कोण कोण बोलायचं, तेवढं आठवून बघा.