पन्नास काडतुसं आणि दोन पिशव्या

एखाद्या गोष्टीचा निकाल कसा लावावा, हे माझ्याकडून शिकावं. ऑफिसात कुठलीही फाइल माझ्या टेबलावर दोन दिवसांच्या वर राहत नाही. तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर असते. त्यामुळे रंगाऱ्यासाठी माळा रिकामा करताना सासऱ्यांच्या ट्रंकेत काडतुसांची दोन खोकी निघाली, तेव्हा घरात मी एकटाच शांत होतो.

सासरे एकेकाळचे शिकारी. बंदूक त्यांनी बारा वर्षांपूर्वी रीतसर जमा केली होती, ही खोकी तेवढी राहून गेली. बंदूक गेली तरी गोष्टी गेल्या नव्हत्या. वर्षभरापूर्वी ते आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून एक रानडुक्कर मी निदान चाळीस वेळा मरताना ऐकलंय. दर वेळी ते थोडं मोठं असतं.

"पुरून टाका," सासूबाई म्हणाल्या.

"तिसऱ्या मजल्यावर कुठे पुरू, आई? कुंडीत?"

"भंगारवाल्याला दे," बायको म्हणाली.

"तो आधी हातोडीने ठोकून बघतो, मग भाव सांगतो."

"राहू द्या की," सासरे म्हणाले. "खायला मागतात का?"

मी सगळ्यांना हात करून थांबवलं. "उद्या सकाळी मी स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन देतो. दहा मिनिटांचं काम."

"ठाण्यात कशाला?" सासऱ्यांचा आवाज उगाच बारीक झाला. "ते लोक उघडतील, मोजतील. नसता व्याप."

मोजलं तर बिघडलं काय, हे मला कळेना. पण मी निकाल लावला होता.

सकाळी दाराशी दोन सारख्या कापडी पिशव्या होत्या. एकीत खोकी, दुसरीत टेलरकाकांकडे द्यायचे पडदे. वजनही सारखंच. बायको घाईत आधी बाहेर पडली. उरलेली पिशवी उचलून मी ठाण्यात गेलो आणि रस्ताभर घोकलेलं वाक्य हवालदारासमोर खणखणीत म्हटलं, "या पिशवीत जिवंत काडतुसं आहेत."

हवालदाराने चहाचा कप फार हळू खाली ठेवला. सायकल हरवल्याची तक्रार द्यायला आलेला माणूस तक्रार न देताच निघून गेला. आतून फौजदार आले.

"पिशवी खाली ठेवा. हात वर करा."

मी केले. हवालदाराने लांबूनच काठीने पिशवी आडवी केली. आतून निळ्या फुलांचा पडदा निघाला. मग दुसरा निघाला. त्याला बायकोने चिठ्ठी टाचली होती. फौजदारांनी ती मोठ्याने वाचली. "दोन्ही चार इंच कमी करणे." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "काडतुसं?"

मी परवानगी मागून एक हात खाली घेतला आणि बायकोला फोन लावला.

"पिशवी कुठाय?"

"टेलरकाकांना दिली की. आधी गरम इस्त्री फिरवतो म्हणाले, मग कापतो."

त्यानंतर मी आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांच्या जीपमध्ये बसलो. आमच्या गल्लीतून जाताना ओळखीच्या सात जणांनी पाहिलं. त्यातल्या दोघांनी ओळख दाखवली नाही.

टेलरकाकांच्या दुकानात एक गिऱ्हाईक अर्धवट शिवलेली पँट घालून आरशासमोर उभं होतं. काका तापलेली इस्त्री हातात घेऊन आमच्या पिशवीची गाठ सोडत होते.

"इस्त्री खाली ठेवा," फौजदार म्हणाले.

"खाली कोट आहे, साहेब."

"ठेवा म्हणतो ना."

काकांनी ठेवली. क्षणात धूर निघाला. "जळतंय," असं हवालदार ओरडला आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात सगळी गल्ली रिकामी झाली. पँटवाला एक पाय पँटीत आणि एक हवेत, अशा अवस्थेत माझ्या पुढे पळत होता, तरी मला गाठता आला नाही. मागे वळून पाहिलं तर काका एकटे दुकानाच्या दारात उभे. हातात जळका कोट.

"पडद्यांना एवढं कशाला घाबरताय?" त्यांनी विचारलं.

खोकी सुखरूप निघाली. मग बंदुकीचा जुना परवाना घेऊन सासऱ्यांना ठाण्यात बोलावण्यात आलं. ते आले, पण नेहमीची ताठ मान नव्हती. फौजदारांनी परवान्याचं पान उलटलं, खोक्यांकडे पाहिलं, पुन्हा पान पाहिलं.

"घेतलेली पन्नास. शिल्लकही पन्नास. आजोबा, सीलसुद्धा फुटलेलं नाही. एकदाही उडवली नाहीत?"

सासरे चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. एवढा उंच माणूस एवढासा झालेला मला बघवेना.

"एक तिसरं खोकं होतं, साहेब," मी म्हणालो. "ते संपलं."

"परवान्यावर तिसऱ्याची नोंद नाही," फौजदार एकदम सावरून बसले. "म्हणजे बेकायदा होतं?"

मी पुन्हा दोन्ही हात वर केले.

"तिसरं नव्हतं, साहेब," सासरे शांतपणे म्हणाले. "जावई मनाने चांगला आहे, म्हणून खोटं बोलला. ही एवढीच होती. मी एकही उडवलं नाही."

फौजदारांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, पोच लिहून दिली आणि पुढच्या वेळी नुसता फोन करा, माणूस घरी येऊन घेऊन जातो, असं सांगितलं.

परत येताना आम्ही चालत निघालो.

"मला आवाज सहन होत नाही, जावईबापू," वाटेत ते म्हणाले. "लहानपणापासून. चाप ओढायची वेळ आली की बंदूक खाली ठेवून कान झाकायचो."

"आणि रानडुक्कर?"

"होतं ना. माझ्या मागे लागलं होतं. मी झाडावर, बंदूक खाली, आणि ते बंदुकीचा वास घेत तासभर बसलेलं." ते थांबले. "घरात कोणाला बोलू नका. बायको-मुलीसमोर तेवढी एक इज्जत आहे."

मी त्यांचा हात दाबला. मेलो तरी बोलणार नाही, म्हटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण हा माणूस मनातलं माझ्यापाशी आज पहिल्यांदा बोलला होता.

घरी सासरे हातपाय धुवायला गेले. बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"काय म्हणाले बाबा वाटेत?"

"काही नाही," मी करारी चेहऱ्याने म्हणालो. "आमच्या दोघांतलं आहे."

"आवाजाला घाबरायचे, तेच ना?"

सासूबाई कणिक मळता मळता म्हणाल्या, "आणि डुक्कर खाली बसलं होतं ते. मी लग्नाच्या आधीपासून ऐकलंय. त्यांच्या मित्रांनीच सांगितलं."

"मला दुसरीत असताना कळलं," बायको म्हणाली. "पण तू त्यांना काही बोलू नकोस हं. तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून तर तुला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं."