अप्पांचं पहिलं पुस्तक

काशिनाथप्पांना पाणी द्या, ते आधी तांब्या डोळ्यांजवळ नेऊन त्यावरचं नाव वाचतात. तहान नंतर. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तांब्यावर माझ्या मावशीच्या नणंदेचं नाव निघालं. तो आमच्या घरी कसा आला, ही चौकशी मग चहा उतू जाईपर्यंत चालली.

देगलूरच्या बाजारात अप्पांचं भांड्यांचं दुकान. आहेराच्या भांड्यांवर नावं घालण्यात त्यांची हयात गेली. आता दुकान मुलाकडे आहे आणि अप्पा गावभर लोकांची भांडी पालथी घालत हिंडतात, कारण ते देगलूरच्या बाजाराचा इतिहास लिहीत आहेत. आमचं दुकान सगळ्यात जुनं, असं कुणी म्हणालं की यांचा सवाल ठरलेला, "पुरावा काय?" भांड्यावर साल सापडलं तरच त्याचा आजोबा खरा. एका लग्नात, बुडाशी नाव आहे का हे बघायला त्यांनी वाढप्याच्या हातातली वरणाची बादली तिरपी केली. वरण व्याह्यांच्या धोतरावर गेलं. त्या घरचं आमंत्रण त्यांना पुन्हा आलेलं नाही.

नांदेडच्या एका संस्थेनं इतिहासाचं पहिलंच पुस्तक लिहिणाऱ्यांसाठी स्पर्धा जाहीर केली. बक्षीस म्हणजे पुस्तक छापून मिळणार. अप्पा हरखले. सात वर्षांचं बाड त्यांना एकदा छापलेलं बघायचं होतं. मी शेजारी आणि वर मास्तर, त्यामुळे अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. सगळं भरून झालं. 'हे माझे इतिहासाचे पहिलेच पुस्तक आहे' या ओळीखाली सही तेवढी राहिली. अप्पांनी पेन खाली ठेवलं.

"हे पहिलं न्हाई, सर."

लग्न होऊन आल्यावर त्यांच्या बायकोला, गंगाबाईंना, माहेरची फार आठवण यायची. माहेर इस्लापूर. म्हणून अप्पांनी इस्लापूरचा सोळा पानी इतिहास लिहून, छापून त्यांच्या हातात ठेवला होता. प्रती दहा, वाचक एक.

मला हसू आलं. गंगाबाई जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्या पुस्तकाची गावात कुणाला गंधवार्ता नव्हती. करा सही, मी म्हणालो, कोण विचारतंय? पुरावा काय?

अप्पा उठले आणि आतून एक पितळी डबा घेऊन आले. त्यावर त्यांनीच घातलेलं नाव होतं, सौ. गंगाबाई. डब्यात ते पुस्तक. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, 'चूक. बारव आमच्या घरामागं होती.' पुढच्या पानावर, 'हे कोणी सांगितलं? पुरावा काय?' तोच शेरा मग पानोपानी. म्हणजे सवाल मुळात गंगाबाईंचा होता.

"सही केली तर हे पुस्तक न्हाईच म्हणल्यावानी होतंय," अप्पा म्हणाले. "ते माझ्यानं व्हायचं न्हाई."

त्यांनी अर्जाची घडी करून डब्यात ठेवली. मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी बाजाराच्या इतिहासाचं बाड माझ्यापुढे सरकवलं आणि डब्यातली आखूड झालेली पेन्सिल त्यावर ठेवली.

"चुका काढा, सर. चार वर्षं झाली, माझी चूक कुणी काढलीच न्हाई."