साहेबांची दोन वर्षं सहा दिवसांत

सकाळी दहाला साहेबांच्या टेबलावर हजेरीयंत्रातून निघालेला कागद येऊन पडला. "आपण आज सेवानिवृत्त झालात. अभिनंदन." साहेबांची तर अजून दोन वर्षं बाकी होती. त्यांनी बेल दाबली. नेहमीप्रमाणे कुणी आलं नाही. मग ते ओरडले, "त्या हजेरीवाल्याला बोलवा!"

हजेरीवाला म्हणजे हजेरी बघणारा कारकून. गड्याला नाद एकच, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची. पाच वर्षं घरच्यांचं डोकं खाऊन झाल्यावर गेल्या आठवड्यात त्यानं ती या यंत्रात घातली होती. तीही साहेबांच्याच सहीनं.

"चुकलं, साहेब," तो म्हणाला. "आतली टायमरची चिप सेकंदाला बारा लाख ठोके मोजते. किती ठोक्यांनी घंटा द्यायची, ते आपण तिला सांगायचं. मला सेकंदाला शंभर घंटा हव्या होत्या, म्हणून मी शंभर लिहिलं. लिहायला हवे होते बारा हजार."

"म्हणजे झालं काय?"

"सेकंदाला शंभराच्या जागी बारा हजार घंटा झाल्या आणि घड्याळ एकशेवीस पट पळालं. तुमची दोन वर्षं सहा दिवसांत उरकली."

"आणि सहा दिवस कुणाला दिसलं नाही?"

दिसलं होतं की! पण चार मिनिटांत आठ तासांची हजेरी भरत असेल तर बोंब मारणार कोण? लोक पहिला चहा पिऊन घरी जात होते आणि काम पूर्वीइतकंच होत होतं.

"आधी दुरुस्त कर ते!"

तेवढ्यात दुय्यम साहेब पुष्पगुच्छ घेऊन आत आले. "साहेब, खुर्ची..."

"अहो, माझी दोन वर्षं आहेत!"

"होती. यंत्र सांगेल तीच तारीख, असं परिपत्रक आहे. तुमच्याच सहीचं."

साहेबांचा चेहरा एवढासा झाला. या खुर्चीसाठी त्यांनी अठ्ठावीस वर्षं घासली होती. चष्म्याचं घर खिशात टाकून ते निघाले. कारकुनाला फार वाईट वाटलं.

"आता दुरुस्त करू ना?" त्यानं खुर्चीत बसलेल्या नव्या साहेबांना विचारलं.

"खबरदार हात लावलास तर!"

"बरं. तुमची किती राहिली?"

"तीन वर्षं."

"म्हणजे नऊ दिवस."

नवे साहेब खुर्चीतून ताडकन उठले. "कर, कर, दुरुस्त कर! पण थांब. मग ते परत येतील?"

"येणारच. तारीख मागे जाईल ना."

नवे साहेब पुन्हा खुर्चीत टेकले. "मग असं कर. मागचं झालं ते राहू दे. आजपासून पुढचं तेवढं नीट कर."

"मागचं खरं धरायचं? नक्की?"

"लेखी देतो!" त्यांनी सही-शिक्क्यानिशी दिलंही.

कारकुनानं कागद नीट वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. "मग मला नाही जमणार, साहेब. माझं कंत्राट गेल्याच आठवड्यात दोन वर्षांसाठी वाढवलं होतं. ते सकाळीच संपलं. आणि बाहेरच्या माणसानं यंत्राला हात लावायचा नाही."

"अरे, मग करणार कोण?"

"जाहिरात काढा," कारकून दारातून म्हणाला. "माणूस नेमायला तीनच महिने लागतात."