अंतिम बिंदू, शुक्रवारी साडेआठला

"त्या साठ जणांत संमतिपत्र शेवटपर्यंत वाचलेला माणूस एकच. मी!"

हे वाक्य रफारकाकांनी बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की 'मी' यायच्या आधीच तिची मान हलायची. एरवी काका कशाबद्दल छाती पुढे काढणारे नव्हते. रांगेत कुणी पुढे घुसलं, तर तेच "माफ करा" म्हणत. पण चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. गळालेला रफार त्यांना खोलीच्या पलीकडून दिसायचा, म्हणून तिथल्या लोकांनी ठेवलेलं हे नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं.

नावासारखाच चिकटला मधुमेह. चौदा वर्षं झाली. पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "साखरेमुळे पायांच्या नसा कशा खराब होतात, यावर आम्ही साठ जणांचा अभ्यास करतोय. येता का त्यात? दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी एक तपासणी." नाही म्हणायला धीर लागतो. काका हो म्हणाले.

संमतिपत्र बावीस पानांचं. बाकीच्यांनी शेवटचं पान उघडून सही ठोकली. काकांनी ते घरी नेलं, लाल पेन घेऊन तीन दिवस बसले आणि एकशे सतरा चुका दुरुस्त करून परत दिलं! अभ्यासाचं कामकाज बघणारी ताई हरखून गेली.

"काका, देवासारखे धावून आलात! हे असंच टाइप करून घेते आणि सगळ्यांना हीच प्रत देते."

त्या दिवशी काका घरी आले ते जमिनीपासून चार बोटं वरून.

इथे त्यांच्या वतीनं एक गोष्ट कबूल करायला हवी. मुद्रित वाचणं वेगळं आणि मजकूर वाचणं वेगळं. मुद्रित वाचणाऱ्यानं अर्थाकडे बघितलं, की वेलांटी निसटलीच म्हणून समजा! काकांनी आयुष्यात बारा प्रेमकादंबऱ्या तपासल्या. पण त्यांत कुणाचं कुणाशी लग्न झालं, हे त्यांना आजही सांगता आलं नसतं.

दोन वर्षं सरली. एका मंगळवारी ताईचा फोन आला.

"काका, शुक्रवारी तुमचा अंतिम बिंदू!"

"माझा... काय?"

"अंतिम बिंदू हो! सकाळी साडेआठला. उपाशीपोटी या, जवळचं माणूस सोबत आणा. आणि उशीर नको हं, तुमच्यानंतर आणखी चार जण आहेत."

तपासणीच्या दिवशी बाकावर काकांच्या शेजारी नेहमी एक म्हातारे शिंपी बसायचे. काकांनी चाचरत विचारलं, "आणि... शिंपीबुवा?"

"त्यांचं कालच आटोपलं की! अगदी शांतपणे. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत."

काकांनी फोन ठेवला. मग संमतिपत्राची नवी छापील प्रत काढली आणि जन्मात पहिल्यांदाच अर्थासाठी वाचायला घेतली. नवव्या पानावर, चौथ्या ओळीत लिहिलं होतं: 'अंतिम बिंदू गाठलेल्या सहभागीस मृत करण्यात येईल व त्याच्या उर्वरित नमुन्यांची नियमानुसार विल्हेवाट लावण्यात येईल.'

काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वाक्यात एकही चूक नव्हती. त्यामुळे तर जास्तच घाम फुटला!

त्यांनी शिंप्यांच्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला.

"बाबा ना? बाबा गेले."

"क... कधी?"

"कालच. दवाखान्यातून परस्परच गेले. आम्हालासुद्धा मागाहून कळलं."

'लेकीकडे' हा तिचा पुढचा शब्द ऐकायला काका फोनवर नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, धुऊन वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे.

"अगं, शुक्रवारी ते मला मारणार आहेत."

"कोण?"

"दवाखान्यातले."

"काहीतरीच!" बायकोनं हात पुसले, कागद घेतला, लांब धरून वाचला. मग जवळ धरून वाचला. तिचा चेहरा उतरला. "अहो, मग जाऊच नका ना!"

"सही केलीय मी."

"सही केली म्हणून कुणी मरायला जातं का?"

"साक्षीदार म्हणून तूही केलीयस."

"मी?" ती किंचाळली. "मला वाटलं, गॅसच्या जोडणीचं काहीतरी आहे! अहो, फोन करून सरळ विचारा तरी!"

"काय विचारू? 'तुम्ही मला मारणार आहात का?' असं त्या बिचारीला तोंडावर विचारायचं? बरं दिसतं का ते? आणि तिनं हो म्हटलं तर?"

पुढचे तीन दिवस काकांचे आवराआवरीत गेले. वाचनालयाची पुस्तकं त्यांनी मुदतीआधी परत केली. बायकोसाठी एक निरोपाचं पत्र लिहिलं. त्याच्या तीन प्रती अनुस्वारापायी फाडल्या, चौथी अश्रूंनी पुसट झाली. दारावरची घंटा वाजली, की ते पलंगाच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. पायांच्या मुंग्या आता थेट टाळूपर्यंत पोचल्या होत्या!

शुक्रवारी साडेआठला दोघं दवाखान्यात हजर. बायकोच्या पिशवीतून लाटण्याचं टोक बाहेर डोकावत होतं.

"या या!" ताई हसून म्हणाली. "चपला बाहेर काढा. आडवे व्हा."

तीच खोली, तोच पांढरा पडदा, तोच उंच पलंग. पण आज काकांना त्या पलंगाची लांबी बरोबर आपल्या मापाची वाटली. ताईनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, सोडला आणि पुन्हा फुगवला. बोटातून रक्त काढून साखर बघितली. मग काही न बोलता ती डॉक्टरांना बोलवायला गेली. न बोलता!

डॉक्टर आले. हातात नेहमीचा नायलॉनचा बारीक दोरा. तो तळपायाला टेकवायचा आणि जाणवलं की रोग्यानं सांगायचं, अशी ती तपासणी.

"डोळे मिटा काका."

काकांनी असे मिटले, की पुन्हा उघडणारच नाहीत.

"जाणवलं," ते म्हणाले.

"अहो, अजून लावायचाय."

"जाणवलं."

"काका, मी दोरा हातात धरून उभा आहे!"

"जाणवलं, जाणवलं! लवकर आटोपा म्हणजे झालं. शिंपीबुवांना दहा मिनिटं लागली, मला पाच पुरतील."

"कसली एवढी भीती वाटतेय तुम्हाला?"

"भीती कसली म्हणून विचारता?" बायको पडदा सारून आत आली. एका हातात संमतिपत्र, दुसऱ्या हातात लाटणं! "कागदावर छापून माणसं मारता आणि वर भीती कसली म्हणून विचारता? वाचा! पान नऊ!"

डॉक्टरांनी वाचलं. त्यांच्या हातातला दोरा गळून पडला.

"ताई!" त्यांचा आवाज चिरकला. "मूळ प्रत आणा!"

मूळ प्रत आली. लाल शाईनं गोंदलेली. नववं पान, चौथी ओळ. 'मुत करण्यात येईल' असं टाइप झालेलं आणि त्या 'मु'वर लाल फुली मारून शेजारी सुबक अक्षरात लिहिलेलं: 'मृ'.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं," काका पलंगावरूनच म्हणाले. "उकार पडला होता, तिथे ऋकार केला."

"काका, तो शब्द 'मुक्त' होता! अंतिम बिंदू म्हणजे शेवटची तपासणी. ती झाली, की तुम्ही अभ्यासातून मुक्त! 'क' गळला होता हो, 'क'!"

डॉक्टर स्टुलावर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"म्हणून अकरा जण शेवटच्या तपासणीला फिरकलेच नाहीत! आणि मी सगळीकडे सांगत सुटलोय, लोकांना संशोधनाची कदर नाही म्हणून!"

"पण अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या तुमच्या समितीनं वाचलं नाही का हे?" बायकोनं विचारलं.

"समितीनं पहिल्या पानावरचा शिक्का वाचला. 'भाषातज्ज्ञाकडून तपासून घेतले आहे.'"

भाषातज्ज्ञानं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

अभ्यासात सहभागीला काही त्रास झाला, तर त्याची नोंद करावी लागते. ताईनं एक कागद काढला. त्रास: तीव्र भीती. कारण: औषध, आजार की इतर? 'इतर'वर खूण करून तिनं पुढे लिहिलं, 'शुध्दलेखन'. काकांना ते उलटं दिसत होतं. तरी 'द'ला 'ध' जोडायचा, तिथे तिनं 'ध'ला 'द' जोडलाय, हे लगेच दिसलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"आजचे आकडे काही धरता येणार नाहीत," डॉक्टर उठत म्हणाले. "रक्तदाब बघा कुठे गेलाय! घाबरून साखरही चढलीय. आणि दोरा न लावताच तुम्हाला जाणवतोय. तुमचा अंतिम बिंदू मी सहा महिने पुढे ढकलतो."

काका ताडकन उठून बसले. हात जोडले. डोळे भरून आले.

"फार उपकार झाले डॉक्टर!"

जिन्यात बायकोनं त्यांचा दंड धरला. "अहो, तो नुसता एक शब्द होता. कळलं ना तुम्हाला?"

"कळलं की."

"मग उपकार कसले मानलेत त्यांचे?"

काका चार पायऱ्या उतरले. मग मागे वळून, कुणी ऐकत नाही ना हे बघून, हळूच म्हणाले,

"कळलंय गं. पण ते आपणहून सहा महिने देत होते... नको कशाला म्हणायचं?"