श्रमकथा स्पर्धेचा बिनचूक निकाल

कष्ट केले की यश मिळतंच. ज्याला मिळालं नाही, त्याचे कष्ट कमी पडले असं समजावं. हे तत्त्व इतकं सोयीचं आहे की त्याला पुरावा मागायची आजवर कुणाला गरज पडलेली नाही.

शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात श्रावणातल्या सप्त्यात याच तत्त्वावर श्रमकथा स्पर्धा झाली. बक्षीस, शिलाई मशीन. परीक्षक, सप्ता मंडळ. (साहित्याचा अनुभव: रोजचं कीर्तन, तेही पहिल्या रांगेत बसून.) मी टाळकरी, म्हणून आपोआप परीक्षक. काल्याच्या कीर्तनाशिवाय जसा सप्ता उठत नाही, तशी यश मिळाल्याशिवाय कथा संपली असं धरायचं नाही, हा नियम एकमतानं झाला.

ऊसतोडीला जाणाऱ्या मनकर्णाची कथा सगळ्यांत चांगली निघाली, एवढी एकच अडचण आली. मशीन मिळालं तर यंदा फडावर जायचं टळणार होतं, म्हणून तिनं जीव ओतून लिहिलं होतं. कथेतली बाई सगळ्या टोळीपेक्षा झपाझप ऊस तोडते. म्हणून पुढच्या साली मुकादम सगळ्यांत आधी तिलाच न्यायला येतो. संपलं. पुढचं पान पडलं की काय म्हणून आम्ही सतरंजी झटकून पाहिली. मग तिला देवळात बोलावलं.

"मनकर्णे, शेवट कुठंय गं?" अध्यक्ष बंकटआबांनी विचारलं.

"ह्योच हाय की."

"आगं, शेवटाला देव धावून येतो! कीर्तनात ऐकलं न्हाई का?"

"फडात आला तर कोयता देते त्याच्या हातात. लई माणसं कमी पडत्यात, आबा."

(मला गहिवरून आलं. मत मात्र मी नियमाला दिलं.)

मंडळ निर्दय नाही. कथेतल्या बाईला शिलाई मशीन मिळावं, तिचं दुकान चालावं, अशी दुरुस्ती आम्हीच सुचवली.

"आधी मशीन द्या. चालतंय का बघते, मंग लिहिते."

"आधी शेवट, मंग मशीन!" आबा म्हणाले.

बक्षीस राधाकिशन मुकादमांना गेलं. त्यांचा नायक निव्वळ कष्टानं मुकादम होतो. (ऊस तोडल्याचा उल्लेख नाही, तोडून घेण्यातही कष्ट असतात.) कथा मास्तरांनी लिहून दिली, म्हणजे कष्ट दोघांचे.

दसरा झाला आणि मनकर्णा ट्रकात बसून फडावर गेली.

वाचकहो, कुणीतरी भला माणूस मधेच येईल आणि तिला मशीन देईल, या आशेवर तुम्ही इथवर वाचत आलात, हे मंडळाला ठाऊक आहे. परीक्षकाची एक जागा रिकामी आहे. तुमची निवड बिनविरोध झाली, असं समजावं.