फुकटातलं अस्वल

संगणकातलं मला सगळं कळतं, असं मी स्वतः कधी म्हणत नाही. लोकांनी म्हणावं म्हणून वाट बघतो! ताईने नोकरी सोडून पाळणाघर काढलं आणि नेमका तिचा जुना संगणक गोगलगायीसारखा चालायला लागला, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

"ताई, यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकतो. फुकट! बघ कसा पळतो ते!"

"अरे, पण माझं चित्रांचं सॉफ्टवेअर चालेल ना? पाळणाघराचा बोर्ड त्यातच केलाय."

"त्याचा बाप चालेल!"

संगणक पळायला लागला, वारा प्यायलेल्या वासरासारखा. पण बाप राहू द्या, ते सॉफ्टवेअरच येईना! कंपनीने ते लिनक्ससाठी काढलेलंच नव्हतं. उद्घाटन परवावर. ताई तिकडे भिंती रंगवतेय, मी इकडे घाम पुसतोय!

पर्यायांना तोटा नव्हता म्हणा. पहिल्या सॉफ्टवेअरने फाइल उघडलीच नाही. दुसऱ्याने उघडली, पण बोर्डावरचं अस्वल हिरवंगार! तिसऱ्यात मात्र अस्वल झकास तपकिरी निघालं. गळ्यात लाळेरं, हातात चमचा, तोंडभर हसू. मी टुणकन उडालो आणि फाइल छपाईवाल्याकडे धाडलीसुद्धा.

"एकदा मला दाखव तरी," ताई फोनवर म्हणाली.

"माझ्यावर विश्वास नाही का?"

होता बिचारीचा.

उद्घाटनाच्या सकाळी बोर्ड चढला. ताई बघतच राहिली.

"मुलं कुठे गेली?"

"येतील गं, आत्ताशी तर दार उघडलंय."

"बोर्डावरची! अस्वलाभोवती मुलं काढली होती मी!"

मुलं ताईने चित्रात वेगळ्या थरावर काढली होती आणि तो अख्खा थर माझ्या सॉफ्टवेअरने गिळला होता. शिवाय ताईचा फॉन्ट नव्हता, म्हणून त्याने आपल्या मनाने जाडजूड फॉन्ट बसवला आणि शेवटचा शब्द चौकटीबाहेर गेला. ताईने लिहिलं होतं, 'आम्ही तुमच्या मुलांना प्रेमाने खाऊ भरवू!' उरलं होतं, 'आम्ही तुमच्या मुलांना प्रेमाने खाऊ'. आणि वर चमचा घेऊन हसणारं एकटं अस्वल!

समोरून एक आई आली. तिने बोर्ड वाचला, बाळाला घट्ट धरलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

ताई पायरीवर मटकन बसली. "आता कोण येणार रे इथे? नोकरी सोडून बसलेय मी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी शिडीकडे धावणार, तोच एक बाई आल्या. दोन हातांना दोन जुळी लोंबकळतायत, केस विस्कटलेले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला! त्यांनी बोर्ड नीट वाचला.

"हे नक्की ना?"

"नाही हो! एक शब्द राहिलाय..." ताई रडवेली झाली.

"राहू दे! दोघांनाही घ्या!"

ताई डोळे पुसत हसत सुटली, बाईही हसायला लागल्या. मग मागून आणखी मुलं आली. 'भरवू' मी ब्रशने लिहिलं, अस्वलाच्या पोटावर का होईना!

तर काळजी नसावी, तिथे मुलांना कोणी खात नाही. जुळ्यांतला धाकटा मात्र पहिल्याच दिवशी मला कडकडून चावला!