उजेड कुणावर?

"स्क्रीन अशी काळी का?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"लिनक्स टाकलंय," घड्याळजी म्हणाले. "आता वाऱ्यासारखा पळेल लॅपटॉप."

"पळेल हो, पण दिसेल कधी?"

सकाळपर्यंत तो जुना लॅपटॉप रडतखडत का होईना चालत होता. पण रडतखडत चालणारं काहीही घड्याळजींना बघवत नसे. त्यांनी विंडोज काढून हलकंफुलकं लिनक्स टाकलं, ते झकास बसलं. तिथेच थांबायचं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, जुना वाटला म्हणून नवा घातला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर पंखा फिरला, आवाज आला, चित्र गुल!

आणि आता बाईंचा ऑनलाइन वाचनवर्ग सुरू व्हायचा होता. रविवारी त्यांच्या विद्यार्थिनी वाचनालयात पहिल्यांदाच लोकांसमोर कथा वाचणार होत्या.

"फोनवरून घे ना," घड्याळजी चाचरत म्हणाले.

"मुंगीएवढे चेहरे दिसतात त्यात. वाचताना कोण घाबरलंय ते कसं कळणार?"

दुसरी एखादी असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. बाईंनी टॉर्च आणला, खिडकीचा पडदा ओढला आणि काळ्या स्क्रीनवर तिरका झोत टाकला. "अहो, हे बघा! चित्र आहे. नुसता मागचा दिवा लागत नाहीये."

घड्याळजी बघतच राहिले. सकाळपासून त्यांनी इंटरनेट पालथं घातलं होतं; स्क्रीनकडे नीट बघायचं मात्र राहून गेलं होतं.

झोतात बटण शोधून बाईंनी वर्ग सुरू केला. घड्याळजी टॉर्च धरून उभे. एका वेळी एकच चेहरा दिसत होता.

"आज गंमत आहे," बाई म्हणाल्या. "मला एकीवरच उजेड टाकता येतोय. जिच्यावर पडेल तिने वाचायचं. बाकीच्या अंधारात आहेत, त्यांची काळजी नको."

झोत वर्गातल्या एका नर्सवर आला. ती एरवी स्वतःलाही ऐकू जाणार नाही असं वाचायची.

"मीच?"

"तूच. दुसरं कोणी दिसतच नाहीये मला."

नर्सने सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदाला आवाज मोकळा झाला, आणि शेवटाला घड्याळजी टॉर्चसकट स्क्रीनच्या आणखी जवळ सरकले. बायकोचे वर्ग इतकी वर्षं त्यांनी बाहेरच्या खोलीतून ऐकले होते. ती नेमकं काय करते, ते आज दिसलं.

संध्याकाळी त्यांना उपाय सापडला. जुन्या लॅपटॉपला मागच्या दिव्यासाठी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एक शब्द वाढवावा लागत होता. वाढवला, आणि स्क्रीन लख्ख उजळली.

"बघ!" ते छाती फुगवून म्हणाले.

"छान! कमाल केलीत," बाई मनापासून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. सगळ्यांचे चेहरे एकदम स्वच्छ दिसत होते. पण कोणी तोंडच उघडेना. शेवटी नर्स हळूच म्हणाली, "बाई, उजेड कुणावर आहे?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. घड्याळजी निमूटपणे उठले आणि लख्ख उजळलेल्या स्क्रीनवर टॉर्च मारत उभे राहिले.